आयलीच्या श्वासाचं नाव

व्हर्ना कोस्कीला कोणी विचारलं की तू काय करतेस आणि तिने खरं सांगितलं, तर माणसं आधी हसायची. टीव्हीवरच्या मालिका बहिऱ्या माणसांनाही कळाव्यात म्हणून पडद्याच्या खालच्या अंगाला कंसात शब्द उमटतात: दार करकरतं, लांब कुठे कुत्रं भुंकतं, कोणी उसासा टाकतं. ते शब्द व्हर्ना लिहायची. बोलणं ऐकून टंकणारे पैशाला पासरी मिळतात, आवाजाला नाव देणारे फार थोडे. आणि त्यातही हवेच्या आवाजांना. दणका, ठोका, धडाका यांना नाव द्यायला अक्कल लागत नाही. पण किटलीच्या तोंडून सुटणारी वाफ, सुक्या गवतातून निघालेला साप, जमिनीवरून ओढला जाणारा झग्याचा घोळ आणि ताज्या बर्फावरून घसरणारी बिनचाकी गाडी, हे सगळे एकाच घरातले असून एकाचं तोंड दुसऱ्याला मिळत नाही. इंग्रजीत या मंडळींसाठी शब्दांचं अख्खं कपाट आहे. हिस, फिझ, स्विश, व्हूश, रसल, सफ. टोरांटोच्या कंपनीतली नवी पोरं त्यातला एकच खण उघडायची आणि दिसेल त्याला 'व्हूश' चिकटवून मोकळी व्हायची. व्हर्नाचं डोकं फिरायचं. ती म्हणायची, यांना कान दिलेत ते टोपी अडकवायला.

व्हर्नाचे कान असे तयार झाले त्याला कारण तिची धाकटी बहीण आयली. आयली बोलायला लागायच्या आत तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली आणि कान गेले. थोडेफार नाही, पार गेले. आईने व्हर्नाला सांगितलं की आता तूच हिचे कान. आया असं काहीबाही बोलून जातात आणि विसरतात. व्हर्ना विसरली नाही. सरोवराकाठच्या त्यांच्या घरामागे सौना होती, वाफ घ्यायची लाकडी खोली, फिनलंडहून आलेल्या आजोबांनी बांधलेली. तिथे तापल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ तोंडावर यायची आणि आयली डोळे मिटून खुणेने विचारायची, हे काय म्हणालं? व्हर्ना तिचा तळवा आपल्या तोंडासमोर धरायची आणि शब्द फुंकायची. 'हिस' दातांच्या फटीतून, सुईसारखा बारीक, तळव्यात एकाच जागी. 'व्हूश' ओठांचा चंबू करून, सगळा तळवा एकदम भरेल असा. 'स्विश' तळव्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि 'सफ' म्हणजे पाइनच्या शेंड्यांतून जाणारा वारा, तो अगदी हळू, छातीतली हवा संपेपर्यंत. शाळेत जायच्या आत आयलीला हे सगळे शब्द हातावर ठाऊक होते. पुढे लिहायला शिकली तेव्हा ते वाचून ती खूश व्हायची, जुन्या ओळखीच्या माणसाचा फोटो सापडावा तशी.

त्या दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी तो खेळ सुटला नाही. आयलीने थंडर बे गावच्या टपाल कचेरीत टपाल निवडण्यात आयुष्य काढलं, आपल्यासारख्याच एका बहिऱ्या सुताराशी लग्न केलं, ट्रेंट नावाचा एक मुलगा वाढवला. तो ऐकू येणारा निघाला. नवरा गेला, मुलगा उत्तरेकडच्या खाणीवर लागला, तेव्हा व्हर्ना आपलं भाड्याचं घर सोडून तिच्याकडे राहायला आली. संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसत आणि आयली धाकटीचा हक्क पुरेपूर वसूल करी. बहिणीने लिहिलेला भाग लागला की हातांनी टोमणे सुरू. एकदा म्हणाली, "चार दारं उघडली, चारही व्हूश. टोरांटोत सुतार एकच आहे का?" व्हर्ना शपथेवर सांगायची की तो भाग आपला नव्हे, दुसऱ्या कोणाचा. आयली मान डोलवायची, वकिलाचं ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशासारखी. एक मात्र होतं. थट्टा कितीही करो, आवाजाच्या बाबतीत त्या घरात व्हर्नाचा शब्द शेवटचा होता. आयलीने तो कधी तपासून पाहिला नाही. तपासणार तरी कशाने?

गेल्या वर्षी आयलीची फुप्फुसं कडक व्हायला लागली, मग हृदयही थकलं. वसंतात तिला इस्पितळात टाकलं तेव्हा ट्रेंट खाणीवरून धावत आला. होती नव्हती ती सगळी रजा त्याने आईच्या खाटेजवळ बसून संपवली, बटाट्याच्या तळलेल्या काड्या खात, हातांनी गप्पा मारत. आणि आयली बरी झाली. तो परत गेला तेव्हा खाणीवरच्या साहेबाने त्याला नीट शब्दांत सांगितलं की पुढच्या वेळी सोडू, पण एकदाच, आणि खरंच वेळ आली असेल तेव्हा. आयलीला हे कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. म्हणाली, "गिधाडासारखा बसून होता बिचारा. मी मेले नाही, मलाच ओशाळल्यासारखं झालं."

ऑक्टोबरात डॉक्टरांनी इस्पितळाचा नाद सोडला. घरीच राहू दे म्हणाले. कॉलीन बेकर नावाची नर्स कामाच्या दिवशी येऊ लागली, शनिवार-रविवारी तिला सुट्टी. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने पुढचं सगळं सांगितलं आणि व्हर्नाने ते हातांनी आयलीला सांगितलं. आत्ता श्वासात फक्त हवा आहे, कॉलीन म्हणाली. पुढे पाणी येईल. आवाज ओला झाला की मग फार दिवस नाहीत, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा.

आयलीचे डोळे चमकले. खरंच चमकले, मरणाची गोष्ट चालू असताना. तिने बोट व्हर्नाकडे रोखलं.

"म्हणजे हे तुझंच खातं. जोवर स-स आणि श-श आहे, तोवर पोराला काम करू दे. पाणी आलं की सांग, मग त्याला बोलवू. तो आला की कॉलीनला म्हणायचं, आता गोळ्या बंद कर आणि मला झोपव. ओढत बसायचं नाही."

व्हर्नाने हे कॉलीनला तोंडाने सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ती अडखळली. कॉलीनने आयलीचा हात दाबला आणि म्हणाली की असंच करू. तिघींमध्ये असं ठरलं. त्यात कुठे फट नव्हती, सगळा भार एका माणसाच्या कानावर होता एवढंच.

मग रोज सकाळी कॉफी झाली की आयली भुवया वर करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची. आज काय? व्हर्ना डोळे मिटून ऐकायची आणि नाव द्यायची. बहुतेक दिवशी 'व्हीझ', म्हणजे अरुंद नळीतून हवा जाताना होते ती सुईसुई. एक दिवस तिने 'हिस' दिला, चाकातून हवा जाते तसा. आयलीने विचारलं, कसलं चाक, ट्रकचं की सायकलचं? सायकलचं, व्हर्ना म्हणाली. "सायकलच म्हण," आयलीने हात उडवले, "मोटारीएवढं नशीब माझं कुठलं."

असे काही आठवडे गेले. नोव्हेंबर लागला, सरोवरावरून वारं यायला लागलं, कडेचं पाणी गोठू लागलं.

शुक्रवारी कॉलीन येऊन गेली. तिने छातीला नळी लावून ऐकलं, ठीक आहे म्हणाली, सोमवारी येते म्हणून गेली. व्हर्ना कालचं वाटाण्याचं सूप गरम करत उभी होती आणि तिला खोलीतून तो आवाज आला. पेल्याच्या तळाशी थोडंसं दूध उरलेलं असताना पोरं नळीतून फुंकतात, तसा. तिने शेगडी बंद केली आणि पुन्हा ऐकलं. आवाज तोच होता. नाव लगेच आलं. तिच्या धंद्यात नाव कधी थांबायला लावत नसे, आणि या नावात एकही स नव्हता, श नव्हता.

ती खोलीत गेली. आयली पलंगावर बसून एकटीच पत्ते लावत होती. चांगली जागी, डोळे स्वच्छ, गालावर थोडा रंगसुद्धा. तिने पत्ता ठेवला आणि हात छातीवर दाबला.

"इथे काहीतरी थरथरतंय. काय आहे?"

व्हर्ना म्हणाली, "व्हीझ. जरा जड झालाय. हीटरने हवा कोरडी पडलीय."

आयलीने तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि चौकटचा गुलाम उचलून राणीखाली सरकवला.

आता यावर पुष्कळ बोलता येईल, आणि नंतर थंडर बेमध्ये लोक बोललेही. व्हर्ना वाईट बाई नव्हती. तिच्या जिभेवर नाव आलं होतं, हातात उतरलं नाही एवढंच. ते नाव उच्चारलं की ट्रेंट येणार, ट्रेंट आला की गोळ्या बंद, गोळ्या बंद झाल्या की आयली झोपणार आणि उठणार नाही. एवढं सगळं एका शब्दाला बांधलेलं होतं आणि तो शब्द तिने द्यायचा होता. समोर बाई पत्ते खेळत बसलेली, गालावर रंग, आणि हिने म्हणायचं की बस झालं, आटप. तिला ते जमलं नाही. उद्या सांगू, तिने ठरवलं. उद्यापर्यंत कदाचित कोरडा होईल. चाळीस वर्षं आवाज ऐकून पोट भरलेल्या बाईने असं म्हणावं, याला काय म्हणायचं? माया आंधळी असते म्हणतात. इथे ती बहिरी झाली.

शनिवार लख्ख उजाडला. वारा नाही, ढग नाही, सरोवर निळंशार. व्हर्नाने हीटरवर पाण्याचं पातेलं ठेवलं, हवा दमट व्हावी म्हणून. एकदा हवा कोरडी म्हटलं की पातेलं ठेवावंच लागतं. एक खोटं पोसायचं म्हणजे त्याच्यामागून त्याचं सगळं खटलं जेवायला येतं. सकाळी आयलीने छातीवर बोट ठेवलं, व्हर्नाने व्हीझ दिला. दुपारी आयलीने अर्धी वाटी सूप खाल्लं, तर व्हर्नाला इतका आनंद झाला की तिने वेलदोड्याचा गोड पाव भाजायला घेतला. पाव भाजेपर्यंत ती ओव्हनजवळच उभी राहिली, कारण पंख्याच्या घरघरीत खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी ट्रेंटचा फोन यायचा, पडद्यावर एकमेकांना बघत बोलायचा. त्या घरातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिथे असल्या फोनचा आवाज कोणी कधी चालू केला नव्हता. दोन माणसं हातांनी बोलत असताना आवाजाचं काम काय? शिवाय खाणीवर ट्रेंटच्या खोलीत दुसरा एक जण रात्रपाळी करून झोपलेला असायचा. ट्रेंट कॉलेजात असल्यापासून आईशी असाच बोलत आलेला, मुक्या पडद्यावर. त्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

आयलीला दोन उशा लावून ताठ बसवलं होतं. आडवं झालं की दम लागत होता. हनुवटी पुढे काढून, प्रत्येक श्वासाला खांदे उचलत ती बसली होती, पण हात झपाझप चालले होते. शेजारच्या म्हाताऱ्याने बर्फ काढायचं यंत्र घेतलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं टपालाचं खोकं कापून टाकलं, ही गोष्ट ती रंगवून सांगत होती. पडद्यात ट्रेंट हसत होता. व्हर्ना भिंतीला टेकून उभी होती आणि तो आवाज सगळ्या खोलीत भरून राहिला होता, बाहेर ओसरीवर ऐकू जाईल इतका. तिला सारखं वाटत होतं की आता त्याच्या कपाळाला आठी पडेल, आता तो विचारेल. तो हसतच होता.

शेवटी त्याने विचारलं की श्वास कसा आहे. आयलीने अंगठ्याने व्हर्नाकडे खूण केली, "खात्याला विचार." व्हर्ना पडद्यासमोर आली आणि म्हणाली, व्हीझ आहे, जरा जड. येऊ का, ट्रेंटने विचारलं.

"तिकडे दगड फोड," आयली म्हणाली. "गिधाडगिरी वसंतात झाली तेवढी पुरे."

त्याने तिला हात केला, तिने त्याला केला, पडदा काळा झाला.

सोमवारी सकाळी कॉलीनने दारात बूट काढता काढताच मान वर केली. आत जाऊन ऐकायची तिला गरज पडली नाही. तिने एवढंच विचारलं की हे कधीपासून.

"आज सकाळपासून," व्हर्ना म्हणाली. किती सहज निघालं तोंडून, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

कॉलीनने हीटरवरच्या पातेल्याकडे एकदा बघितलं. तिने खाणीच्या कचेरीत फोन लावला. ट्रेंटला निरोप गेला. पण पहाटेपासून गोठता पाऊस लागला होता, धावपट्टीवर काचेसारखा थर बसला होता आणि लहान विमान उद्यापर्यंत सुटणार नाही असं त्यांनी सांगितलं. कॉलीनने आयलीला दम कमी लागावा म्हणून सुई दिली. सुईने ती झोपली. उठली, पुन्हा झोपली. सकाळभर तिला काही सांगावं, विचारावं, अशी वेळ आलीच नाही. जे ठरलं होतं त्यातलं काहीच ठरल्यासारखं झालं नाही.

दुपारी एकदा ती पुरती जागी झाली. दाराकडे पाहिलं आणि गालाजवळ बोटांनी ट्रेंटच्या नावाची खूण केली.

"विमानात बसलाय," व्हर्ना म्हणाली. "येतोच आहे."

आयलीने खिडकीकडे डोळे वळवले. बाहेरची तार बर्फाने मनगटाएवढी झाली होती आणि खाली लोंबत होती. आयली आयुष्यभर डोळ्यांनी जगलेली बाई, तिला त्यातून काय कळलं असेल ते तिचं तिला ठाऊक. तिने सावकाश बोट उचलून छातीवर ठेवलं. आज काय?

तेव्हा तरी सांगायचं होतं. व्हर्नालाही ते कळत होतं. पण आता सांगून करायचं काय होतं, विमान तर जमिनीला चिकटलेलं. तिने सगळ्यांत मऊ शब्द काढला.

"सफ," ती म्हणाली.

आयलीने तळवा उघडला. लहानपणी उघडायची तसा, बोटं किंचित वाकवून. व्हर्ना वाकली आणि तिच्या तळव्यावर फुंकर घातली, छातीतली हवा संपेपर्यंत. आयलीने मूठ मिटली आणि डोळे मिटले. मंगळवारी उजाडायच्या आत ती गेली.

ट्रेंट दुपारी पोहोचला. खाणीचं जाड जाकीट अंगात तसंच, दाढी वाढलेली. कॉलीनने आयलीचे केस विंचरून ठेवले होते. तो बराच वेळ आईजवळ बसला. हात तिच्या हातांजवळ नेई आणि मागे घेई. मग स्वयंपाकघरात आला. कॉलीन कागदपत्रांसाठी बाहेर गेली होती. व्हर्नाने त्याच्यासमोर कॉफी ठेवली, शनिवारचा पाव कापून ठेवला.

तो पावाकडे बघत म्हणाला, "कॉलीन सांगत होती, काल सकाळी सुरू झालं."

व्हर्नाने मान हलवली.

"आँटी, मी फोनचा आवाज बंद ठेवतो. कायम. या घरात कान असलेली माणसं दोन, त्यातला एक मी, आणि मी बंद ठेवतो. विमानात बसल्यापासून हेच डोक्यात आहे. परवा चालू केला असता तर ऐकू आलं असतं का? पण कॉलीन म्हणते काल सकाळी. म्हणजे परवा काही नव्हतंच ऐकायला. काल सकाळीच ना?"

त्याचे डोळे लाल झाले होते. तो उत्तर मागत नव्हता, होकार मागत होता. व्हर्नाला वाटलं की निदान एवढं तरी आपण या पोराला देऊ शकतो. यात आता कोणाचं काय बिघडणार आहे? आणि खरं सांगायचं तर यात तिचीही सुटका होती. दोन्ही गोष्टी एका शब्दात बसत होत्या.

"काल सकाळीच," ती म्हणाली.

ट्रेंटने श्वास सोडला आणि टेबलावर डोकं टेकून रडला. मोकळा रडला. मग नाक पुसलं, पावाचा तुकडा मोडून खाल्ला, कॉफी प्यायला. व्हर्नालाही जरा बरं वाटलं. तिने त्याचा पेला पुन्हा भरला.

"कसा होता?" त्याने विचारलं. "आई म्हणाली होती की पाण्याचा असेल. मला करून दाखव."

ती नको म्हणाली. काय करायचंय ते ऐकून, म्हणाली. ट्रेंट ऐकेना.

"आईला जन्मभर करून दाखवलेस. मला एकच दाखव. मी नव्हतो ना इथे."

व्हर्ना काहीही करून दाखवू शकली असती. त्याला कुठे ठाऊक होतं! पण खोटा शब्द देणं वेगळं आणि खोटा आवाज काढणं वेगळं, ते तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि तिच्या ते मनातही आलं नाही. तिने पेला बाजूला ठेवला. तो आवाज नुसत्या घशातून निघत नाही. त्यासाठी ताठ बसून हनुवटी पुढे काढावी लागते, तोंड अर्धवट उघडं ठेवून खांद्यांनी हवा वर ओढावी लागते. तिने तसं केलं. स्वयंपाकघरात तो आवाज आला, हुबेहूब, आणि थांबला.

ट्रेंट ऐकत नव्हता. तो बघत होता. बहिऱ्या आईबापांच्या पोटी वाढलेला मुलगा, तो ऐकायच्या आधी बघायला शिकला होता. व्हर्ना थांबली तरी तो बघतच राहिला. मग त्याने तोंड न उघडता हाताने सांगितलं, परत.

तिने परत केला.

ट्रेंटने खुर्ची थोडी मागे सारली. बोलू लागला तेव्हा हातांनीच, आईशी बोलायचा तसा.

"परवा ती अशीच बसली होती. हनुवटी अशी. खांदे असे. मला वाटलं ऐटीत बसलीय, मला दाखवायला." हात थांबले, पुन्हा उचलले. "कधीपासून?"

 व्हर्नाचे हात आपोआप उठले.

"शुक्रवार. दुपार."

ट्रेंटने तिच्या हातांकडे पाहिलं. ते केव्हाच मांडीवर पडले होते. मग तो तोंडाने बोलला, हळू आवाजात, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसा.

"शनिवारी विमान आलं होतं. मीच त्यात सामान चढवलं. चार जागा रिकाम्या गेल्या."

तो उठला, आईच्या खोलीत गेला आणि त्याने आतून दार लावून घेतलं.